अपंगत्व पेन्शनचं अपील: माणूस न बघता नुसत्या फाईलवर निकाल देणं बरोबर आहे का?

बोरीकाठचा हवालदार (अमळनेर)

मंडळी राम राम. लांब लिहितोय, पण पूर्ण वाचा आणि मग पटलं नाही तर खुशाल भांडा.

मी १९९४ ला भरती झालो, २४ वर्षं करून २०१८ ला हवालदार म्हणून घरी आलो. येताना बीपी घेऊन आलो. रिलीज मेडिकल बोर्डाने, म्हणजे घरी सोडताना तपासणाऱ्या फौजी डॉक्टरांच्या मंडळाने, ३० टक्के डिसेबिलिटी लिहिली, तीही कायमची, पण त्याच कागदावर खाली लिहिलं की हा आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही. फौजी लोक याला एन-ए-एन-ए म्हणतात. ही चार अक्षरं पडली की टक्के ३० असोत का ६०, डिसेबिलिटीचा पैसा बंद.

कारण काय दिलं? आजार पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांब शांत ठिकाणी, सुरू झाला. बस, एवढंच. आता बोर्डाच्या फॉर्मवर, एएफएमएसएफ-१६ वर, सुरुवातीलाच एक तक्ता असतो, कधीपासून कधीपर्यंत कुठे होतो आणि एका रकान्यात पी का एफ, म्हणजे पीस का फील्ड. तो तक्ता मी माझ्या हाताने भरलाय. ११ ओळी आहेत, त्यात ५ एफ. शेवटची एफची ओळ संपली आणि त्यानंतर पाचव्या महिन्यात पीस स्टेशनच्या एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, माझं बीपी पहिल्यांदा कागदावर आलं. वर बर्फात असताना डोकं ठणकायचं तेव्हा कोण मशीन घेऊन बसलं होतं? गोळी खाऊन ड्युटीवर उभं राहायचो आम्ही. म्हणजे काटा जिथे वर गेला ते गाव बघितलं, पण त्याआधीची पाच ओळींची कमाई बघितलीच नाही.

पहिलं अपील केलं, १४ महिन्यांनी उत्तर, नामंजूर. मधे आईचं दुखणं निघालं, दोन वर्षं पुढचं काही केलंच नाही, ती चूक माझी. दुसरं अपील केलं, त्याचं उत्तर गेल्या महिन्यात आलं. कापूस वेचायला बाया लावलेल्या होत्या, बांधावरच पोस्टमनने सही घेतली. दीड पान. दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली तर कारणाचा परिच्छेद शब्दाला शब्द सारखा. मी अपिलात त्या पाच महिन्यांचं लिहिलं होतं, तारखांसकट, त्याच्यावर हो नाही, चूक नाही, बरोबर नाही, एक अक्षर नाही.

माझं म्हणणं एवढंच की अपील ऐकणाऱ्याने एकदा तरी माणसाला समोर बोलवावं, आता तर व्हिडिओवरही होतं, आणि त्याने जे मांडलंय त्याला उत्तर लिहावं. नाही द्यायचं तर नका देऊ, पण का नाही ते माझ्या फाईलमधून सांगा.

निवृत्त नर्सिंग असिस्टंट (चाळीसगाव)

हवालदार साहेब जय हिंद. तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, मला हे पटत नाही. मी मिलिटरी हॉस्पिटलात २० वर्षं काढलीत, त्यातली सहा बोर्डाचे कागद लावण्यात.

पहिली गोष्ट, बीपी आणि शुगर चाळिशीनंतर आपल्या गल्लीतही दर तिसऱ्या घरात आहे, जो कधी जळगावच्या पलीकडे गेला नाही त्यालाही आहे. मग फौजीला झालं म्हणजे फौजेमुळेच झालं हे कसं धरायचं? डिसेबिलिटी पेन्शन ही २४ वर्षं नोकरी केली याची नाही, त्याची सर्व्हिस पेन्शन वेगळी मिळतेच. ही त्या इजेची आहे जी नोकरीने दिली.

दुसरी, सुनावणी सुनावणी म्हणतो आपण, पण हा प्रश्न वैद्यकीय आहे. समोर बसून चांगलं बोलणारा जिंकेल आणि गप्प बसणारा हरेल, हे पाहिजे का तुम्हाला? फाईल सगळ्यांची सारखी असते. आजारामुळे खालची मेडिकल कॅटेगरी कधी लागली, वजन किती होतं, सिगरेट दारूचं काय लिहिलंय, हृदयविकार असेल तर आधीच्या १४ दिवसांच्या ड्युटीचा तक्ता. हे सगळं कागदावर असतं म्हणून कागदावर ठरतं.

आणि तिसरी, ही मनाला लागलेली आहे म्हणून सांगतो. माझ्या वॉर्डात एक पोरगा होता, माइनवर पाय गेलेला, वय २३. त्याचा पहिला प्रश्न होता की घरी कळवलं का. त्याच्या रांगेत तुमची आमची बीपीची हजारो अपिलं उभी राहिली आणि प्रत्येकाला सुनावणी म्हटली, तर त्या पोराची फाईल कधी निघायची?

केळीवाला (रावेर)

मी फौजी नाही, शेतकरी आहे, पण मत देतो. कॅगचा, म्हणजे सरकारचा हिशेब तपासणाऱ्यांचा, २०२३ चा रिपोर्ट पेपरात वाचला होता. त्यात असं होतं की निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांत ३६ ते ४० टक्के डिसेबिलिटी घेऊन जातात आणि जवान नि जेसीओ (सुभेदार वगैरे) यांच्यात १५ ते १८ टक्के. आता मला सांगा भो, बंकरमध्ये जवान जास्त झोपतो का साहेब? मग हे उलटं कसं? मला वाटतं ज्याला कागद करता येतो त्याला मिळतं. नर्सिंगवाले भाऊ म्हणता फाईल सगळ्यांची सारखी, ते इथे बसत नाही.

निवृत्त नर्सिंग असिस्टंट (चाळीसगाव)

केळीवाले भाऊ, तो आकडा माझ्या बाजूचा आहे. म्हणूनच तर कडक बघायला पाहिजे. सैल सोडलं की हुशार लोक आधी घेऊन जातात आणि मग सरकार सगळ्यांवरच दार लावतं. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवीन नियम आले, डिसेबिलिटी एलिमेंटचं, म्हणजे पेन्शनमधल्या अपंगत्वाच्या भागाचं, नाव इम्पेअरमेंट रिलीफ झालं, ते उगीच नाही आलं.

बोरीकाठचा हवालदार (अमळनेर)

अहो पण साहेबाने घेतलं म्हणून माझं पत्र न वाचता नाकारायचं का? मी म्हणतोय वाचा. भरती झालो तेव्हा डॉक्टरने उघडा करून तपासलं, बीपी बघितलं, फिट लिहिलं. नंतर दरवर्षी तपासणी. २४ वर्षं माझं शरीर त्यांच्याच रजिस्टरमध्ये आहे, माझ्या घरी त्याचा एक कागद नाही. आणि सिद्ध करायला मला सांगता?

धुळ्याचा वकील

हवालदार साहेबांचा शेवटचा मुद्दा हाच या सगळ्याचा गाभा आहे, म्हणून जरा कायद्याचं सांगतो. मी सशस्त्र दलांच्या लवादात, म्हणजे फौजींच्या केसेस ऐकणाऱ्या कोर्टात, अशा केसेस चालवतो, तेव्हा माझं मत कुठल्या बाजूला ते उघड आहे, पण विरुद्ध बाजूचंही सांगेन.

१९८२ च्या एन्टायटलमेंट नियमांत, म्हणजे ही पेन्शन कोणाला द्यायची त्या नियमांत, स्पष्ट होतं की दावा करणाऱ्याला सिद्ध करायला सांगायचं नाही, शंका असेल तर शंकेचा फायदा त्याला, आणि फील्डमधल्या माणसाला तो जास्त सढळ हाताने. याच्यावर सुप्रीम कोर्टाने जुलै २०१३ मध्ये धरमवीर सिंग केसमध्ये निकाल दिला. सिग्नल्सचा जवान, १९८५ ला भरती, नऊ एक वर्षांनी फिट्स येतात म्हणून घरी पाठवलेला, २० टक्के. कोर्ट म्हणालं भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट आला असंच धरायचं, नंतर बिघडलं तर नोकरीमुळे बिघडलं असं धरायचं, नाही म्हणायचं असेल तर बोर्डाने कारण लिहायचं. २०१५ ला राजबीर सिंग केसमध्ये तेच. डिसेंबर २०१४ ला राम अवतार केसमध्ये सांगितलं की मुदत पुरी करून आलेल्यालाही राउंडिंग द्या, म्हणजे ५० च्या आतलं सगळं ५०, त्याच्या वरचं ७५ पर्यंत ७५, आणि त्याच्याही वरचं १००. १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात, म्हणजे हवालदार साहेबांचे ३० चे ५० झाले तर पगाराच्या १५ टक्के, दर महिन्याला, जन्मभर. छोटी रक्कम नाही ही.

आता दुसरी बाजू. चाळीसगावच्या भाऊंचं पूर्ण चुकीचं नाही. २००८ च्या नियमात ते सरसकट धडधाकट धरणं राहिलं नाही, आणि तुम्ही २०१८ ला आलात म्हणजे तुम्हाला २००८ चेच लागतात. २०१९ मध्ये नरसिंग यादव केसमध्ये कोर्टाने सांगितलं की मानसिक आजार भरतीच्या तपासणीत कळत नसतात, आपोआप नोकरीवर टाकता येत नाहीत. त्याच वर्षी एस. पी. राठोर केसमध्ये २० टक्क्यांच्या खाली असेल तर काहीच नाही. म्हणजे कोर्टसुद्धा आंधळेपणाने देत नाही.

पण पीस स्टेशन हे काही कारण होत नाही. दिल्ली हायकोर्टाने २०२५ च्या मार्चमध्ये एका सुभेदाराच्या शुगरच्या केसमध्ये, २००८ चेच नियम लावून, हेच सांगितलं, की आजार पीसला सुरू झाला एवढं लिहून बोर्डाची जबाबदारी संपत नाही. त्याच वर्षी एक जुलैला त्याच कोर्टाने सरकारच्या जवळपास ३०० याचिका एका झटक्यात काढून टाकल्या, सगळ्या याच विषयाच्या. आता विचार करा, तीनशे जण लवादात जिंकले होते, म्हणजे त्या प्रत्येकाला आधी खाली कोणीतरी नाही म्हटलं होतं.

निवृत्त नर्सिंग असिस्टंट (चाळीसगाव)

वकील साहेब, मग तुम्हीच सांगा, लवाद आहेच ना? तिथे सुनावणी होते, एक न्यायाधीश आणि एक फौजेतून आलेला मेंबर बसतो. २००७ चा कायदा, २००९ पासून चालू. मग खालच्या अपील समितीलाही कोर्ट कशाला करायचं? खाली कागद, वर सुनावणी, व्यवस्था तर आहे.

सातपुड्याची मास्तरीण (धडगाव)

व्यवस्था आहे म्हणता दादा, म्हणून मला लिहावंसं वाटलं. मी इथे शाळेवर आहे. आमच्या पाड्यावरचा एक पावरा आदिवासी मुलगा फौजेत होता, आता त्याची ओळख लिहीत नाही. डोक्यावर परिणाम झाला म्हणून नऊ वर्षांत घरी पाठवला. तो आता ओट्यावर बसून असतो, बोललं तर बोलतो, नाहीतर दिवस दिवस नाही. त्याच्या आईने प्लास्टिकच्या पिशवीत कागद आणून माझ्या हातात दिले, सगळे इंग्रजीत. पिशवीत बाजरीचे दाणे होते, म्हणजे धान्याच्या कोठीत ठेवलेली. त्यात नकाराचं पत्र होतं, त्यावर लिहिलेलं की ६ महिन्यांच्या आत अपील करता येईल. तारीख चार वर्षांपूर्वीची. त्या बाईला पावरी येते, मोडकी मराठी येते. ते पत्र तिला कोणी वाचूनच दाखवलं नव्हतं, तिला वाटत होतं हे पेन्शन चालू असल्याचा कागद आहे.

मला सांगा फाईल सगळ्यांची सारखी असते का? जो आजारी आहे तोच दावेदार आहे आणि आजार असा आहे की त्याला दावा मांडता येत नाही. त्याला समोर बोलावलं असतं तर बघणाऱ्याला दोन मिनिटांत कळलं असतं. कागदावर तो फक्त एक इंग्रजी शब्द आहे.

निवृत्त नर्सिंग असिस्टंट (चाळीसगाव)

ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. मानसिक रुग्णाच्या बाबतीत माणूस बघायला पाहिजे हे मी मान्य करतो. रात्रीच्या ड्युटीत असे पेशंट सांभाळलेत मी, माहीत आहे. पण बीपी शुगरला नाही, तिथे मी माझ्या मतावर आहे.

धुळ्याचा वकील

मास्तरीणबाई, उशीर झाला तरी दार बंद नाही, उशीर माफ करायचा अर्ज सोबत देता येतो, आणि पेन्शनच्या बाबतीत कोर्ट तो बऱ्याचदा मानतं. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या केसमध्ये बोर्डाचं कारण नसलेलं मत चालणार नाही असं म्हटलंय, ते उपयोगी पडेल. मात्र पैशाचं एक लक्षात ठेवा. २००८ च्या तरसेम सिंग निकालामुळे उशिरा गेलेल्याला मागची थकबाकी साधारण ३ वर्षांचीच मिळते. चार वर्षं कोठीत गेली त्यातलं काही बुडणार.

आणि जुलै २०२५ पासून नालसाने, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाने, वीर परिवार सहायता योजना काढली आहे, सैनिक बोर्डांमध्ये मोफत कायदेशीर मदत द्यायची म्हणून. तुमच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण ऑफिसात आधी ते विचारा, वकिलाला पैसे द्यायच्या आधी. हे मी वकील असून सांगतोय.

चाळीसगावचे भाऊ, तुम्ही म्हणता वर लवाद आहे. आहे, मुंबईला. महाराष्ट्र, गुजरात, गोवा तिन्ही मिळून एक. आणि तिथे थेट जाता येत नाही, आधी खालचे मार्ग संपवावे लागतात, किंवा ६ महिने उत्तर आलं नाही तर जाता येतं. तिथे जिंकलं की सरकार हायकोर्टात जाऊ शकतं, २०२३ च्या परशोत्तम दास निकालाने तो रस्ता पुन्हा मोकळा झालाय. तो निकाल जवानाच्याही फायद्याचा आहे, पण सरकारने गेलं की जिंकलेल्या माणसाची आणखी वर्षं जातात. खाली नीट निकाल झाला तर हे सगळं वाचतं.

टेक्सासचा जळगावकर

मूळ जळगावचा, इथे शेजारी व्हिएतनामच्या लढाईत जाऊन आलेले एक अमेरिकन माजी सैनिक आजोबा आहेत, त्यांची कागदं भरायला मी मदत करतो, म्हणून इथलं थोडं माहीत. २०१७ ला अमेरिकेने माजी सैनिकांच्या अपिलाचा कायदा बदलला, फेब्रुवारी २०१९ पासून लागू. आता नकार आला की एक वर्षाच्या आत तीन वाटा. नवीन पुरावा असेल तर पुरवणी दावा. पुरावा तोच पण निर्णय चुकला असं वाटत असेल तर वरच्या अनुभवी अधिकाऱ्याकडून फेरतपासणी. आणि तिसरी म्हणजे वॉशिंग्टनचं अपील बोर्ड, तिथे पुन्हा तीन रांगा: नुसत्या फाईलवर, पुरावा जोडून, किंवा न्यायाधीशासमोर बोलून. व्हिडिओवरही बोलता येतं. माणूस स्वतः निवडतो.

दोन गोष्टी मला आवडल्या. पारडी समान असतील तर निकाल सैनिकाच्या बाजूने, हे त्यांच्या कायद्यातच आहे. आणि बोर्डाला कारणं लिहावीच लागतात, नाही लिहिली तर वरचं कोर्ट केस परत पाठवतं. पण चाळीसगावच्या काकांचंही खरं आहे, बोलायची रांग सगळ्यात हळू सरकते. आजोबांनी ८० च्या वयात म्हणून नुसत्या फाईलची घेतली.

बोरीकाठचा हवालदार (अमळनेर)

हे मला फार पटलं. माझी मागणी आता बदलून सांगतो. सगळ्यांना सुनावणी नको, नर्सिंग भाऊंचा पाय गेलेला पोरगा खरंच मागे पडेल. पण मागेल त्याला द्या, मागायला रकाना ठेवा. आणि नकाराचं पत्र मराठीत द्या, निदान कारणाचा भाग तरी. मास्तरीणबाईंनी लिहिलेलं वाचून रात्री झोप नाही आली. मी हवालदार आहे, इंग्रजी तोडकं का होईना वाचतो, म्हणून तारखा तरी पाळल्या अर्ध्या मुर्ध्या. तो पोरगा माझ्यासारखाच वर गेला असेल नि खाली आला असेल.

केळीवाला (रावेर)

पीक विम्याचं आमचं असंच होतं. पंचनामा करायला कोणी बांधावर येत नाही आणि पत्र येतं की नुकसान नियमात बसत नाही. बागेत येऊन आडवी पडलेली केळी बघितली आणि मग नाही म्हटलं तर माणूस ऐकतो. हवालदार साहेब, मी तुमच्या बाजूने.

निवृत्त नर्सिंग असिस्टंट (चाळीसगाव)

मागेल त्याला सुनावणी, हे मला अजून जड वाटतं कारण मागणार सगळेच. पण कारण लिहिण्याचं मान्य. खरं सांगायचं तर बोर्डाच्या दिवशी बाहेर बाकावर वीस पंचवीस जण बसलेले असायचे आणि दुपारपर्यंत उरकायचं असायचं. डॉक्टर चांगले होते, पण एका ओळीत कारण लिहायची सवय लागलेली. ती ओळ नंतर कोणाच्या तरी आयुष्याची होते हे तेव्हा आमच्या डोक्यात येत नव्हतं, माझ्याही नाही.

हवालदार साहेब, तुमचा पी आणि एफचा तक्ता आणि ज्या दिवशी पहिल्यांदा कॅटेगरी लागली तो कागद मला दाखवता का? तुमच्या बाजूने बोलायचं म्हणून नाही. एमआय रूमची जुनी नोंद, वर असताना डोकेदुखीची गोळी दिल्याची, मेडिकल डॉक्युमेंटमध्ये असू शकते. ती नोंद असेल तर माझंही मत बदलेल, नसेल तर मी तसंच तोंडावर सांगेन.

धुळ्याचा वकील

ती नोंद मागायचा अर्ज आजच करा, आरटीआयमध्ये स्वतःचे मेडिकल कागद मागता येतात. आणि दुसऱ्या अपिलाच्या पत्रावरची तारीख बघा, लवादात जायला तिथून ६ महिने मोजायचे.

बोरीकाठचा हवालदार (अमळनेर)

पत्रावर तारीख ९ आहे, हातात पडलं २७ ला. पाकीट जपून ठेवलंय, पोस्टाच्या शिक्क्यासकट. नर्सिंग भाऊ, रविवारी चाळीसगावला येतो, साडेदहापर्यंत पोहोचेन. मास्तरीणबाई, तुमच्या त्या पोराच्या कागदांचे फोटो मला पाठवाल का, मी दोन्ही फाईली सोबत घेऊन जातो.

सातपुड्याची मास्तरीण (धडगाव)

पाठवते दादा. त्याच्या आईला उद्या शाळेत बोलावलंय, तिला विचारून आणि सगळी पानं तिला वाचून दाखवून मग पाठवते.